पुलापलीकडची बंदूक

आमच्या घरातल्या जुन्या पेटीत दोन परवाने सापडले. दोन्ही माझ्या आजोबांचे, म्हणजे आबांचे. पहिला १९५६ सालचा, इंग्रजीत छापलेला, घडीवर फाटलेला. तो शेताच्या राखणीसाठी घेतलेल्या ठासणीच्या बंदुकीचा होता. दुसरा १९६३ चा, बारा बोअरच्या दुनळीचा. परवान्यावर बंदुकीचे वर्णन, ओळखीच्या खुणा, एका वेळी जवळ ठेवता येणारी काडतुसे, वर्षाला विकत घेता येणारी काडतुसे आणि मुदत असे रकाने आहेत. त्यांतल्या एका रकान्यावर मी बराच वेळ अडकलो. परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल, असा तो रकाना. त्यात दोन्ही वेळा एकच नोंद आहे : पुणे जिल्हा.

ज्याने आमचा भाग नकाशावर पाहिलेला नाही, त्याला यात विशेष काही वाटणार नाही. आमचे गाव न्हावऱ्याच्या बाजूला, घोड आणि भीमा यांच्या बेचक्यात आहे. शिरूर गावाला अजून जुनी माणसे घोडनदीच म्हणतात. तिथला घोडेचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. दौंडला भीमेचा पूल ओलांडला की श्रीगोंदा तालुका, म्हणजे पुन्हा नगर जिल्हाच. दोन्ही तालुक्यांची बाजारपेठेची गावे जिल्ह्याच्या अगदी काठावर बसलेली. आबांच्या बंदुकीचा कायदेशीर प्रवास दोन्ही बाजूंनी नदीच्या मध्यावर संपत होता. हरणे मात्र उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून हवी तिकडे जात.

या एका रकान्यामुळे मी शस्त्रकायद्याच्या इतिहासात शिरलो. माझी समजूत अशी होती की, हा कायदा बंदूक कोणाकडे असावी याचा आहे. वाचत गेलो तसे ध्यानात आले की, त्याचा अर्धा जीव बंदूक घरात असण्यापेक्षा ती रस्त्यावर येण्यात अडकलेला आहे. आणि आमच्या माळावरच्या जनावरांचा इतिहासही नेमका तिथेच, बंदूक आणि गाडी एकत्र येण्यापाशी, वळण घेतो.

शिरूर हे एके काळी इंग्रजांचे लष्करी ठाणे होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन आपली तुकडी घेऊन कोरेगावकडे निघाला तो येथूनच. पुणे हॉर्स या रिसाल्याचा जन्मही त्याच वर्षीचा आणि इथलाच. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या शिरूरमधल्या थडग्याला आसपासची माणसे ‘सत्पुरुष’ मानून नवस बोलत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. (साहेबाचा देव होण्याची अशी उदाहरणे दख्खनमध्ये आणखीही आहेत, तो वेगळ्या लेखाचा विषय.) छावणीत घोडेस्वार होते, आणि घोडेस्वारांना रिकामा वेळ होता. सपाट माळावर घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा त्यांचा आवडता खेळ. कर्नल साइक्स याच दख्खनमध्ये फिरला आणि १८३१-३२ मध्ये त्याने इथल्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या लंडनमध्ये प्रसिद्ध केल्या. रानकुत्र्याला त्याने दख्खनचेच नाव दिले होते. या माळांवर काय काय होते याचा पहिला पद्धतशीर दाखला म्हणून त्या याद्यांना मोल आहे.

काळविटाच्या शिकारीत त्या काळी वाहन होतेच, पण ते बैलगाडी. उघड्या माळावर चालत येणारा माणूस काळविटाला कोसावरून दिसतो आणि कळप उधळतो. बैलगाडीला मात्र ते बिचकत नाहीत. रोज पाहिलेली असते. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने, कळपाभोवती हळूहळू फेर कमी करत जायचा. संस्थानिकांचे शिकारी चित्तेसुद्धा बैलगाडीवरच बसवून नेत. फासेपारध्यांची रीत याच युक्तीची गरीब आवृत्ती होती : शिकवलेला बैल किंवा गाय पुढे, तिच्या आड पारधी, आणि जमिनीवर मांडलेले फासे. त्यांच्याकडे बंदूक नव्हतीच. तरीही १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा अशाच जमातींच्या मानगुटीवर बसला आणि १९५२ पर्यंत उतरला नाही. ज्याच्याकडे बंदूक त्याला खेळाडू म्हणायचे आणि ज्याच्याकडे फास त्याला गुन्हेगार, ही वाटणी आमच्या भागात फार जुनी आहे.

आता कायद्याकडे. १८५७ च्या उठावानंतर लगेच नि:शस्त्रीकरणाचे कायदे आले, आणि १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत ‘इंडियन आर्म्स ॲक्ट’ झाला. तो देशभरासाठी होता, पण आमच्या भागातून त्याच्या आगेमागे पाहिले तर चित्र फार बोलके दिसते. तीन वर्षे आधी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरे फोडून खतांची होळी केली. ते लोण भीमथडी, शिरूर, इंदापूरकडे पसरले. (आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडीत होता.) कायदा झाल्यावर एकाच वर्षात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांसह पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. जुलैत ते विजापूरकडे देवर नावदगी येथे पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनला वारले. सरकारच्या लेखी शिरूर-भीमथडीचा माणूस आणि हत्यार यांची गाठ पडू न देणे हा प्रशासनाचा व्यवहारी प्रश्न होता.

आणखी एक योगायोग आहे. पुणे ते दिक्सळ हा रेल्वेमार्ग १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाला होता. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या वर्षी शस्त्रांचा कायदा आला, त्याच वर्षी दौंड जंक्शन झाले. बंदुकीची पेटी आता एका रात्रीत उत्तरेकडे जाऊ शकत होती. कायदा करणाऱ्यांना रेल्वेचे भान होते. संशयास्पद स्थितीत हत्यार नेणाऱ्याला अटक करण्याचा अधिकार १८७८ च्या कायद्यात पोलिसांपुरता ठेवलेला नव्हता. १९५९ च्या आजच्या कायद्यातही, विसाव्या कलमात, तो वंश टिकून आहे, आणि त्याची शब्दरचना वाचून मी चमकलो. हत्यार परवान्याचे असो वा नसो, ते बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा रास्त संशय आला, तर दंडाधिकारी आणि पोलीस तर धरू शकतातच. पण रेल्वेवर, विमानात, बोटीत किंवा कोणत्याही वाहनावर काम करणारा माणूसही वॉरंटाशिवाय अटक करून हत्यार जप्त करू शकतो. यात गार्ड आला आणि एसटीचा कंडक्टरही आला. परवाना खिशात आहे एवढ्याने भागत नाही. तुम्ही बंदूक कशी नेता, यावर कायद्याची नजर आहे.

१८७८ च्या कायद्यातली खरी सल मात्र वेगळी होती. नियमांनी युरोपियनांना परवान्यातून सूट दिली होती. साहेब दौंडला उतरून रायफल खांद्याला लावून माळावर चालू लागला तर त्याला कोणी काही विचारत नसे. गावच्या पाटलाने तेच केले तर ते कलमात बसत होते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविषयी ठराव केला. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वर्णावरची सूट कागदावरून गेली. तरी १९३० मध्ये गांधीजींनी आयर्विनपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत मिठावरच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने हाही मुद्दा होता. मिठाचे आपल्याला पाठ असते. बंदुकीचे कोणी शिकवत नाही. इंग्रजी काळातल्या सुटींपैकी कुर्गच्या कोडवांची सूट तेवढी आजही चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर परवाने सैल झाले. धान्याची टंचाई होती, ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम होती, आणि पिकाच्या राखणीसाठी बंदुका दिल्या जाऊ लागल्या. आबांची ठासणीची बंदूक त्याच लाटेतली. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, त्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची वाट मोकळी ठेवली आहे. आबांचा दुसरा परवाना या दुसऱ्या वाटेने आला.

या बंदुकांनीच हरणे संपवली, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धवट वाटते. ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा दारू, चिंधी, छर्रे ठासून बार भरेपर्यंत कळप दोन ओढे ओलांडून गेलेला असतो. पायी हिंडणाऱ्या शेतकऱ्याने मारून मारून किती मारावे? फरक पडला तो जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपा विक्रीला निघाल्या, आणि १९४९ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीपला रस्ता लागत नाही. आमचा माळ म्हणजे तिच्यासाठी अंथरलेलेच होते. त्यात बॅटरीला जोडलेला झोताचा दिवा. रात्री झोत डोळ्यांवर पडला की हरीण जागच्या जागी थिजते. बैलगाडीच्या आडोशाला निदान अर्धा दिवस खर्ची पडायचा आणि शेवटी हरणाला पळायची संधी असायची. जीपने ती काढून घेतली.

देशात या प्रकाराचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण कोरियाच्या महाराजांचे. १९४७ च्या सुमारास त्यांनी रात्री गाडीतून जाताना दिव्याच्या झोतात तीन चित्ते मारले. देशातल्या चित्त्याची ती शेवटची खात्रीची नोंद समजली जाते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही हकिकत छापून आली तेव्हा संपादकांनी खाली कडक टीप जोडली. मजकूर केराच्या टोपलीत टाकावा, असेच त्यांना आधी वाटले होते.

आमच्या घरातली हकिकत एवढी मोठी नाही. ती मला वडिलांनी सांगितली, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. १९६४ च्या हिवाळ्यात आबांच्या ओळखीचे एक व्यापारी पुण्याहून जीप घेऊन आले. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. मागे बसून दिवा धरायचे काम त्यांना मिळाले. न्हावऱ्याकडच्या माळावर फिरून झाल्यावर पाहुण्यांनी घोडेच्या पलीकडे जाऊ म्हणून हट्ट धरला. शिरूरच्या पुलाअलीकडे आबांनी जीप थांबवायला लावली आणि बंदूक खोळीत घालून ते खाली उतरले.

“अहो आबासाहेब, रात्रीचं कोण विचारतंय पलीकडं?”

“कोण विचारो न विचारो. कागदावर पुणं जिल्हा लिवलंय.”

पाहुणे आपली बंदूक घेऊन एकटेच गेले. आबा आणि वडील पुलाच्या कठड्यापाशी शेकोटी करून पहाटेपर्यंत बसले. घरात ही गोष्ट आबांच्या सचोटीची म्हणून सांगितली जायची. मीही लहानपणी तशीच ऐकली. वडिलांनी फार उशिरा उरलेला भाग सांगितला. पुलाकडे येण्याआधी, पुणे जिल्ह्यात, परवान्याच्या हद्दीत, आबांनी त्याच जीपमधून चार चिंकारा पाडले होते. त्यातली एक पाडस असलेली मादी होती. दिवा वडिलांच्या हातात होता.

मी पेटीतले सगळे कागद पुन्हा चाळले. बंदुकीचे दोन परवाने आहेत, नूतनीकरणाच्या नोंदी आहेत, काडतुसांच्या पावत्या आहेत. शिकारीचा परवाना एकही नाही. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ पासून होता, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे तेव्हाही खरे होते. आबांना एक कागद पाठ होता, दुसरा त्यांनी कधी मागितलाच नाही. त्या काळी आमच्या भागात तो कितीजणांनी मागितला असेल याविषयी मला शंकाच आहे.

बंदूक आणि गाडी यांचा संबंध कायद्याने स्पष्ट शब्दांत ओळखला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. त्यावेळी शिकार पूर्ण बंद नव्हती, परवान्यावर काही शिकार चालत होती. पण चाकांच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करायला आणि वाहनाने जनावरे हाकायला सतराव्या कलमाने मनाई केली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारच संपवली, तेव्हा ते कलमही गेले. गरज उरली नव्हती. राहिले ते एकोणचाळिसावे कलम : गुन्ह्यात वापरलेले हत्यार सरकारजमा होते, तसे वाहनही. शिकाऱ्याला बंदुकीपेक्षा जीप गमावण्याची भीती जास्त वाटते, असे एका निवृत्त वनपालांनी मला हसत हसत सांगितले होते.

१९९७ मध्ये सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, आणि ते मुख्यत: चिंकाऱ्यासाठी. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी, काळविटांसाठीचे, त्याच्या आधी १९८० मध्ये झालेले, तेही तेवढेच चिमुकले. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकवाल्याने आपली नोंद वनखात्याकडे करायची, आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय द्यायचा नाही, असे कायद्याचे चौतिसावे कलम सांगते. दौंडच्या दक्षिण कडेला हे लागू पडते. अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला तर परवानगीच लागते. म्हणजे परवान्यातल्या क्षेत्राच्या रकान्यात आता जिल्ह्याच्या रेषेबरोबर हरणांचीही एक रेषा आली. आबांच्या वेळी तिचा पत्ता नव्हता.

आज आमच्या तालुक्यात परवान्याची बंदूक गाडीतून न्यायची वेळ येते ती तीन-चार कारणांनी : नूतनीकरण, दुरुस्ती, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करणे, आणि नेमबाजीचा सराव. शेवटचे कारण नवे आणि आनंदाचे आहे. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जाणारी मुले आता गावांतूनही दिसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. विसाव्या कलमाने रेल्वे कर्मचाऱ्याला दिलेला अधिकार आठवला की मला याची गंमत वाटते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी नेण्याची रीतही लिहून दिली आहे. सार्वजनिक जागी बंदूक उघडी न्यायची नाही. ती पूर्ण झाकलेली, तिच्यासाठी बनवलेल्या खोळीत हवी, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. म्हणजे बंदूक गाडीत ठेवून धाब्यावर जेवायला बसणे या नियमात बसत नाही. बार काढून, काडतुसे वेगळी ठेवूनच निघावे, हे तर कोणताही जुना बंदूकवाला सांगेल. जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचे आवार येथे बंदूक न्यायची नाही, ही अट परवान्यावरच असते. शिवाय पोलीस अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमाखाली जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात; निघायच्या आधी ठाण्यात विचारणे शहाणपणाचे. परवानाधारक स्वत: जाऊ शकत नसेल, तर त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेता येते, ही तिसऱ्या कलमातली सोय फार थोड्यांना माहीत असते. आबांना ती माहीत होती. वडिलांना शिरूरला पाठवताना ते प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहून देत. अशा दोन चिठ्ठ्या पेटीत आहेत.

शिरूरमध्ये आता हरणांपेक्षा बिबट्याची चर्चा जास्त. कालव्यांनी ऊस आला, उसात बिबटे वाढले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला माणसांचे, त्यातही लहान मुलांचे बळी गेले, गाव रस्त्यावर उतरले, आणि शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत पारावर बसलेला एक म्हातारा मला म्हणाला, “तुमच्या आबाची बंदूक असती तर?” मी उत्तर दिले नाही. बिबट्याला मारायचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकांकडूनच यावा लागतो, हे त्याला ठाऊक नसेल असे नाही. पण ज्याच्या वस्तीवरचे मूल गेले, त्याच्यापुढे कलम वाचायला माझी जीभ रेटत नव्हती.

आबांची बंदूक १९८३ पासून आमच्याकडे नाही. ते गेल्यावर वडिलांनी वारस म्हणून परवाना मागितला नाही. कारण विचारले तर म्हणायचे, “मला दिवा धरता येतो, तेवढं पुरे.” परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी, असे एकविसावे कलम सांगते. ती तिथवर कोणी, कशी न्यायची, हे त्या कलमात नाही. चिठ्ठी लिहून देणारे आता नव्हते. वडिलांनी पोलीसपाटलांना सांगून ठाण्याला आधी निरोप धाडला, नळी आणि दस्ता वेगळे करून खोळीत घातले, सतरा काडतुसे बिस्किटांच्या डब्यात भरली, परवाना आणि मृत्यूचा दाखला खिशात ठेवला आणि सकाळच्या शिरूर गाडीत बसले. कंडक्टरने खोळीकडे पाहून काय आहे ते विचारले. वडिलांनी कागद दाखवले. त्याने ते सावकाश वाचले, वडिलांना उठवून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवले, आणि शिरूरपर्यंत शेजारी दुसऱ्या कोणाला बसू दिले नाही. एक तिकीट वडिलांचे फाडले आणि एक लगेजचे. ठाण्यातल्या पावतीला टाचणीने लावलेले ते लगेजचे तिकीट १९६३ च्या परवान्यात ठेवलेले आहे.